नवख्यांचा गट

"अजून एक गेला," योगेंद्र पडद्याकडे पाहत म्हणाला. "परवाच आलता. तुह्यासंगं एक शर्यत खेळला अन् नाव काढून घेतलं."

धीरज खुर्चीत चुळबुळला. जिंकणं हा काय गुन्हा आहे, असं त्याला वाटलं.

हिंगणघाटच्या त्या सायबर कॅफेत योगेंद्रने स्वतः बनवलेला खेळ चालायचा. खेळ गाड्यांच्या शर्यतीचा. पण गाडी चालवायची नाही, संघ चालवायचा. ड्रायव्हर नेमायचा, टायर निवडायचे, पेट्रोल किती भरायचं ते ठरवायचं आणि संध्याकाळी निकाल पाहायचा. इंटरनेटवरून कुणीही, कुठूनही खेळावं, हे योगेंद्रचं स्वप्न. खेळत होते मात्र कॅफेतलेच सहा जुने भिडू, आणि त्यांत धीरज सगळ्यांत वरच्या पातळीवर. दिवसभर बापाच्या दुकानात कापड फाडणाऱ्याला इथेच काय तो मान. नवखा कुणी आला की त्याला पहिल्याच दिवशी धूळ चारल्याशिवाय या गड्याला चैन पडत नसे.

"हैदराबादहून नोकरीचं बोलावणं आलं," योगेंद्र म्हणाला. "दिवाळीपर्यंत पाहतो. नवे लोक आले तर ठीक, नाई तर खेळ बंद करतो अन् जातो."

कोपऱ्यात त्याचे वडील, अण्णाजी, पेपर वाचत बसले होते. तरुणपणी त्यांनी शंकरपटात बैलजोड्या पळवल्या होत्या. "काऊन टिकन नवा गडी?" ते म्हणाले. "पटात नव्या गोऱ्ह्याले जुन्या बैलासंगं कोनी पळवते का? गट पाडा ना लेकहो!"

योगेंद्रला ते रुचलं. त्याने नवख्यांचा वेगळा गट केला. नवख्यांनी आपसात पळायचं; त्यांतल्या पहिल्याने मग वरच्यांशी, तेही थोडं पुढून सुटून. धीरजने सगळ्यांत आधी मान डोलावली.

"अन् दात कोन पाहन?" अण्णाजींनी विचारलं. "पटात तोंड उघडून दातावरून वय पाहतात, मंगच गट ठरते. नाई तर जुनाच बैल नव्यात घुसवतात लोकं."

"इंटरनेटवर दात कसे पाहू, बाबा?"

सगळे हसले.

गट झाला, पण त्यात कुणी येईना. पोळा गेला, गणपती गेले. योगेंद्र चहा पिता पिता हैदराबादच्या नोकरीचं बोलू लागला. धीरजचंही दुकानात लक्ष लागेना. गिऱ्हाइकाने तीन मीटर मागितलं तर तो पाच फाडून मोकळा. नव्या लोकांना आपणच पळवून लावलं, हे त्याचं मन खात होतं. योगेंद्र गेला की आपलं उरलं काय, हीही भीती होतीच.

शेवटी माल पाहायला वर्ध्याला गेला असताना तो तिथल्या एका कॅफेत शिरला आणि नव्या नावाने खेळात उतरला. 'केळझर एक्सप्रेस', मालक तानबा. मुद्दाम चुकीचे टायर घातले, पेट्रोल कमी भरलं. आयुष्यात पहिल्यांदा हरायला बसला आणि घाम फुटला.

"केळझरहून एक आला बे!" दुसऱ्या दिवशी योगेंद्र दारातच ओरडला.

मग हिंगणीचा एक आला. सेलूचा आला, पुलगावचा आला. दसऱ्यापर्यंत सहा संघ झाले आणि नवख्यांचा गट गजबजला. धीरजचा जीव भांड्यात पडला. आपलं एक खोटं असेल, पण विरजणाला चमचाभर दही लागतंच की.

तरी धाकधूक होतीच. एकदा वर्ध्याच्या बसस्टँडवर जुन्या भिडूंपैकी हरिदास समोर आला.

"अबे, तू इथं?" हरिदास दचकला.

"माल पाहाले आलतो. तू?"

"मावशीकडे."

दोघं एसटीत शेजारी बसून हिंगणघाटला आले आणि वाटेत खेळाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

लक्ष्मीपूजनाला योगेंद्रने सांगून टाकलं. "हैदराबादले नाई म्हणून कळवलं. भाऊबीज झाली की सगळ्या नव्यांले इथं बोलावतो. येतो म्हणाले सगळे."

येतो, असं तानबानेही कळवलं होतं. धीरजला जेवण जाईना. खरं सांगून टाकावं, असं दोनदा वाटलं. पण पाच तर खरे आहेत. ते आले की सहाव्याचं कोण विचारतो? तानबाले ताप आला, एवढंच म्हणायचं.

त्या दिवशी योगेंद्रने इस्त्रीचा शर्ट घातला होता. समोर सहा खुर्च्या रिकाम्या ठेवल्या आणि जुन्यांना भिंतीला लागून बसवलं. आलूबोंडे आले, थंड झाले. कुणी हात लावला नाही. सगळे दाराकडे पाहत राहिले.

बऱ्याच वेळाने रुचिका खाकरली. जुन्या भिडूंत तीच एक मुलगी होती. "हिंगणीवाला माह्या मामाच्या गावचा हाय," ती खाली पाहत म्हणाली. "त्याले ताप आला. नाई येत."

"सेलूवाल्याचाही निरोप हाय," हरिदास म्हणाला. "ताप आला त्याले."

"पुलगावलेही तापाचीच साथ हाय," पुंडलिकराव मास्तर पुटपुटले.

धीरज सोडून उरलेल्या दोघांनीही एकेक निरोप सांगितला. ताप.

अण्णाजींनी पेपर खाली ठेवला. योगेंद्रने सहा रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं, मग भिंतीला लागून बसलेल्या सहा जणांकडे. त्याची नजर शेवटी धीरजवर येऊन थांबली.

"अन् केळझरवाल्याले?"