खिंडीपलीकडचा उतार

“एकट्याने शिकणार, की गटात?”

उताराच्या पायथ्याशी आपल्या झोपडीत बसून गुदर्जने हे विचारलं तेव्हा त्याचं लक्ष पेल्यातल्या चहाकडे होतं. चेहरा उन्हाने रापून काळा पडलेला. गॉगलमुळे डोळ्यांभोवती तेवढी दोन गोरी वर्तुळं उरली होती. तेहरानजवळच्या दिझीनच्या बर्फाळ उतारावर तो बावीस वर्षं लोकांना स्की शिकवत होता.

“एकट्याने,” कियानूश म्हणाला. “आणि झोपडीच्या मागे जागा असेल, तर तिथेच.”

“नवशिक्यानं गटात शिकावं, आगा. सात जण पडतात, सात जण हसतात, फिट्टंफाट होते. एकटा पडला की सगळी लाज त्याच्या एकट्याच्या पदरात.”

“तेवढी सोसेन मी.”

“घाई आहे?”

“तीन आठवड्यांत माथ्यावरून खाली उतरायचंय.”

गुदर्जने साखरेचा खडा दातांत धरला आणि तो नुसता पाहत राहिला. गप्प बसणाऱ्या माणसापुढे कियानूश नेहमीच जास्त बोलून जात असे. तसाच तो आताही बोलला.

तारानेला मागणी घालायला तो आईला घेऊन खिंडीपलीकडच्या शेमशक गावी गेला होता. बैठकीच्या भिंतीवर जुन्या लाकडी स्कीची जोडी फुलीसारखी टांगलेली होती. तारानेने चहा फिरवला. तिचे वडील, अर्दलानआगा, दोनच वाक्यं बोलले, त्यातलं एक होतं, “स्की येतं ना?”

“काही येत नाही, आगा,” कियानूशने खरं तेच सांगितलं.

बैठक कौतुकाने हसली. “येणारा माणूस असंच बोलतो,” तारानेची आत्या म्हणाली. “आमच्या दादाला विचारा. गाव त्याला उस्ताद म्हणतं, आणि हा म्हणतो, मी कोण, मी तर पायाची धूळ.”

अर्दलानआगांनी छातीवर पंजा ठेवून मान खाली घातली होती.

“नाही हो, मला खरंच येत नाही,” कियानूश पुन्हा म्हणाला.

“ऐका, ऐका,” आत्या म्हणाली. “हाडाचा खेळाडू दिसतोय.”

तिसऱ्या वेळी तो काहीच बोलला नाही. नुसता हसला. ते हसू त्याला आजही झोपू देत नव्हतं. दोनदा खरं बोललेला माणूस एका हसण्याने खोटा ठरला होता.

“आणि आता?” गुदर्जने विचारलं.

“त्यांच्या घरची रीत आहे. लग्नाआधीच्या शुक्रवारी मुलीचा बाप जावयाला घेऊन माथ्यावरून उतरतो. खाली सगळं गाव उभं असतं. गुडघ्यामुळे ते कित्येक वर्षं उतरलेले नाहीत, पण एकुलत्या एका मुलीसाठी उतरणार आहेत.”

“म्हणून इतक्या लांब आलात.”

“मधली खिंड हिवाळ्यात बंद असते. तेहरानवरून वळसा घालून शेमशकचं कोण येणार इथे?”

गुदर्जने खडा चावला. “बूट घाला,” तो म्हणाला.

झोपडीमागे दोन बुटके उतार होते आणि मध्ये पुरुषभर उंचीचा बर्फाचा ढिगारा. कियानूश पहिल्या दिवशी अकरा वेळा पडला. प्रत्येक वेळी बर्फाची थंडी आधी मानेत उतरे, लाज तिच्यामागून.

ढिगाऱ्यापलीकडेही कुणीतरी पडत होतं. हिरवी टोपी, नाकावरून ओढलेली मफलर, मोठा गॉगल, पोक काढलेली म्हातारी पाठ. तो माणूस पडला की आधी डावीकडे पाही, मग उजवीकडे, आणि कुणी पाहिलं नाही अशी खात्री पटल्यावरच उठे. कियानूशला हसू आलं, आणि लगेच त्या हसण्याचीच लाज वाटली.

“तो कोण?”

“माझा दुसरा एकांतवाला,” गुदर्ज म्हणाला. “तोंड उघडत नाही. तो तुमच्याबद्दल विचारत नाही, तुम्ही त्याच्याबद्दल विचारू नका.”

“या वयात कशाला हा हट्ट?”

“गुडघे वाकवा.”

तीन आठवडे सरत आले. ताराने फोनवर म्हणे, “बाबा शुक्रवारबद्दल काही बोलतच नाहीत. बहुतेक तुला घाबरलेत.” ती हसे. तोही हसे, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ आरशाकडे पाठ करून बसे.

शेवटच्या बुधवारी गुदर्जने त्याला थांबवलं. “एकटे असलात की तुम्ही बरे उतरता. मी पाहतोय म्हटलं की गुडघे लाकडाचे होतात. शुक्रवारी शंभर डोळे असतील. आज त्या म्हाताऱ्याबरोबर उतरा.”

“तो तयार होईल?”

“त्यालाही हेच सांगितलंय. दोन दिवस नको नको म्हणत होता. आज हो म्हणाला.”

मोठ्या उताराच्या मध्यावर दोघं शेजारी उभे राहिले. म्हाताऱ्याने छातीवर हात ठेवून मुका सलाम केला. कियानूशनेही मफलर नाकावर ओढून तसाच केला. खाली खुणेचा खांब होता, त्यामागे धुक्यात विरलेली दरी.

ते निघाले. आधी दहा हात, मग शंभर. बर्फ त्यांच्या पायांखाली रेशमासारखा फाटत होता. आयुष्यात प्रथमच कियानूशला आपल्या शेजारी कुणीतरी तितकंच घाबरलेलं आहे असं जाणवलं, आणि त्या जाणिवेने त्याचे गुडघे आपोआप वाकले. पुढच्या वळणावर दोघांच्या स्की एकमेकींत अडकल्या.

आकाश फिरलं. तोंडात बर्फ गेला. थांबले तेव्हा दोघांचे गॉगल आणि मफलरी वर उताराभर विखुरल्या होत्या.

म्हातारा गुडघा चोळत उठून बसला. त्याने डावीकडे पाहिलं. मग उजवीकडे. उजवीकडे कियानूश होता.

वरून गुदर्ज सावकाश खाली येत होता.

“जावईबापू,” अर्दलानआगा छातीवर पंजा ठेवून म्हणाले, “मी पायाची धूळ आहे, हे तीस वर्षं खरंच सांगत आलोय.”