बारा बोटं

"कुणालाच पटत नाही, तुलाही पटायचं नाही," मोज्याकाका म्हणाले, "पण तुझ्या बापानं आणि मी चौदा वर्षं गप्प बसून एक अख्खी नदी सांभाळली."

गेटवाल्याची मुलगी ऐकत होती. उद्यापासून खालच्या गेटवर बापाच्या जागी तीच बसणार होती. वर धरणावर पाणी मोजायला अजूनही मोज्याकाकाच होते. त्यांच्या गप्प राहण्यावर आता तिचा जीव टांगलेला असणार होता.

नियम तिला पाठ होता. धरणावरच्या वायरलेसची बॅटरी महिन्याला जेमतेम तीस हाकांना पुरायची. म्हणून पाणी कुठवर येईल याचा अंदाज दोघांनी रोज सकाळी, एकाच हिशेबानं, आपापल्या पाटीवर लिहायचा. खरं पाणी त्यापासून वीतभर, म्हणजे बारा बोटं, सरकलं तरच वरून बोलायचं. अकरा बोटांना तोंड मिटून. वरून आवाज नाही, म्हणजे तुझी पाटी बरोबर आहे.

"एका वर्षी तर इतका गप्प होतो, की कोळ्यानं माइकवर जाळं विणलं. संसार थाटला, नातवंडं झाली. त्यांना हुसकावून बोलायचं माझ्या अगदी जिवावर आलं बघ!"

ती हसली नाही.

"मला शेवटची हाक सांगा, काका. बाबा गेटखाली उतरले आणि वाहून गेले, त्या दुपारची."

काकांनी चष्मा काढून पुसला. मग पुन्हा पुसला.

"सांगतो की. वीत भरली त्या क्षणी मी ओरडलो. असा ओरडलो, की धरणावरचे सगळे बगळे उडाले, ते आजतागायत परत आले नाहीत. म्हटलं, उतरू नकोस, लोंढा येतोय! तर तुझा बाप शांत. म्हणाला, 'अहो, काळजी करू नका. साखळीत ओंडका अडकलाय, तेवढा काढतो आणि आलोच वर.' कामाला पक्का माणूस. माझं ऐकलं नाही त्यानं."

खाली गेटमधून पाणी पडत होतं.

"बाबांनी तुम्हाला जन्मात 'अहो' म्हटलं नाही," ती म्हणाली. "'अरे मोज्या' म्हणायचे, नाहीतर शिवी घालायचे. त्या दुपारी तुम्ही बोललाच नाहीत, काका. किती बोटं होती?"