एमेटमामाची जोडखुर्ची

“लोर्ना आता माझ्याजवळच राहणार आहे,” नॅडीननं माइकवरूनच सांगून टाकलं आणि चर्चच्या हॉलमध्ये टाळ्या पडल्या. एमेटमामाचं दफन उरकून आलेली मंडळी बटाट्याच्या कॅसरोलवर ताव मारत होती, तरी टाळ्यांसाठी सगळ्यांचे हात मोकळे झाले. लोर्नानं काटा खाली ठेवला. आईनं तिला विचारलंच नव्हतं. त्यात विचारायचं काय, असंच सगळ्यांना वाटत होतं.

चार वर्षांपूर्वी ती दोन आठवड्यांसाठी म्हणून आली होती. मामाला अर्धांगवायू झाला, आईच्यानं एकटीनं होईना. आली ती अडकलीच. मामाबद्दल तिची तक्रार नव्हती. बापाविना वाढलेल्या या पोरीला सायकल शिकवली ती मामानं, आणि तिच्या घटस्फोटाच्या दिवशी कोर्टाबाहेर गाडी घेऊन उभा राहिला तोही मामाच. पण आता मामा नव्हता. आणि उत्तरेकडच्या एका बंदरातून तिला नोकरी चालून आली होती. लाकडी होड्या बांधायला शिकवायची, तिचं जुनं, आवडीचं काम. होकार आज पाचच्या आत कळवायचा होता. होकार द्यावा तर ऐंशीला टेकलेली आई एकटी पडते, न द्यावा तर पुन्हा कोण विचारणार? इकडे आड, तिकडे विहीर. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार झाले होते.

माइक टेबलाटेबलांवरून फिरत होता. ज्याला जे आठवेल ते त्यानं उठून सांगायचं. विमान पडायला लागलं की वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्च्या असतात, त्यांचा इंजिनिअर होता एमेटमामा. पण कामाबद्दल बोलायची या गावाला सवयच नाही. अर्धं गाव हवाई तळावर तोंड शिवून नोकरी करून निवृत्त झालेलं. म्हणून मग कुणी म्हणालं, एमेट ॲपल पायचे तुकडेसुद्धा मोजपट्टी लावून करायचा. कुणी म्हणालं, माझं गवत कापायचं यंत्र त्यानं दुरुस्त केलं आणि तीन स्क्रू काढून हातात ठेवले, म्हणे हे उगाच होते. लोक हसले. आणि जो तो शेवटी लोर्नाकडे वळायचा.

“अशी लेक मिळायला नशीब लागतं, नॅडीन.”

“खोली तिची तशीच ठेवलीय मी,” नॅडीन म्हणायची. “तिला तरी आता आहे कोण?”

असं प्रत्येक कौतुक म्हणजे लोर्नाच्या दारावर ठोकलेला एकेक खिळाच होता. पळून जावंसं वाटत होतं तिला, आणि असं वाटतंय याची शरमही वाटत होती.

मग मागच्या टेबलावरून कमरेत वाकलेला एक म्हातारा उठला. डेल प्रुइट. सहाशे मैल गाडी हाकत आला होता.

“मी जिवंत आहे तो एमेटमुळे,” तो म्हणाला. “विमानात आम्ही दोघं. कॅप्टन पुढं, मी मागं. इंजिनानं पेट घेतला. मी म्हटलं, निघू या. तो म्हणाला, थांब, उतरवतो मी. परत म्हटलं, परत थांब. त्याला टाकून जायचं कसं? शेवटी धुरात काही दिसेना, तेव्हा त्याला न विचारता मी खुर्चीचं हँडल ओढलं.”

प्रुइटनं माइक दुसऱ्या हातात घेतला.

“फार वर्षं लाज वाटायची मला. एकदा एमेटच्या गॅरेजात बसून सगळं ओकलो. तर तो मलाच हसला. म्हणाला, अरे वेड्या, ती जोडखुर्ची मी मुद्दाम तशी बांधलीय. हँडल कुणीही ओढो, दोघंही बाहेर. मागचा आधी, पुढचा त्याच्या पाठोपाठ. पुढचा माणूस आपणहून ओढत नाही रे कधी. त्याला वाटतं, मागच्याला सुखरूप उतरवायची जबाबदारी आपली.”

प्रुइट खाली बसला. त्याला कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पाच वाजायला वीस मिनिटं होती.

लोर्ना उठली आणि आईच्या टेबलाशी गेली. आई जेलीच्या भांड्यावर झाकण दाबत होती आणि ते काही बसत नव्हतं.

“आई, मला नोकरी मिळालीय. लांब आहे. मी सोमवारी जातेय.”

नॅडीनचे हात जागच्या जागी राहिले. आता ही रडणार, मामाचं नाव काढणार, सगळ्यांसमोर काढणार, या धास्तीनं लोर्नानं श्वास धरून ठेवला.

“नक्की जातेयस?” नॅडीननं विचारलं.

“नक्की.”

“मागनं विचार बदलणार नाहीस ना?”

“नाही.”

नॅडीन शेजारच्या खुर्चीवर मटकन बसली. तिनं लेकीचा हात धरला, घट्ट.

“मग मी घर विकलं तर चालेल तुला?” ती हळूच म्हणाली. “टूसॉनला राहणारी तुझी मावशी कधीची बोलावतेय गं मला. पण तुला एकटीला टाकून जाणार कशी, म्हणून थांबले होते.”