डोळ्यांतली खिडकी

“खिडकीपाशी बसवून बाळाच्या डोळ्यांत फार डोकावू नये गं,” असं सासूबाई म्हणाल्या, तेव्हा भावना हसली होती. “मग कुठं बघू आई, नाकात?”

कात्रपच्या त्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सकाळी सुरेख, मऊ उजेड यायचा. सम्यक नऊ महिन्यांचा झाला म्हणून तिनं त्याला खिडकीसमोर गादीवर बसवलं आणि मोबाइलवर फोटो काढले. मोठे करून पाहिले, तर त्याच्या दोन्ही डोळ्यांत चिमुकली खिडकी चमकत होती. छानच. फक्त तिला ग्रिल नव्हतं.

भावनाच्या खिडकीला होतं. सम्यक रांगायला लागला त्याच आठवड्यात नवऱ्याच्या मागे लागून तिनं ते बसवून घेतलं होतं.

कॅमेऱ्याची काच खराब असेल, म्हणून तिनं ती ओढणीनं पुसली. पुन्हा तेच. मग बघूया तरी, म्हणून तिनं पडदा ओढला आणि अंधुक खोलीत फोटो काढला. चेहरा काळवंडला, पण डोळ्यांतली खिडकी तशीच लख्ख होती. आता त्या खिडकीच्या कट्ट्यावर कुणीतरी चढत होतं. पाठमोरं बाळ, पिवळ्या झबल्यातलं.

सम्यक तिच्यासमोर बसला होता, निळ्या झबल्यात.

पुढच्या फोटोत त्या बाळानं एक पाय बाहेर टाकला होता.

भावनानं सम्यकला कडेवर घट्ट धरलं आणि फोनमधल्या सगळ्यांना एकच मेसेज पाठवला: “तुमच्या घरात पिवळ्या झबल्यातलं बाळ असेल, तर हे वाचणं सोडा आणि आधी खिडकीपाशी जा.”