चौथा स्क्रू

“बाईक काळा धूर सोडते, आणि चढावर दम कोंडतो,” गिऱ्हाइकाने सांगितले.

भगवंत मिस्त्रींनी मान हलवली, पण त्यांचे लक्ष शब्दांकडे नव्हते. ते इंजिनाची धडधड ऐकत होते. डोळे मिटून, जसे दूरच्या खोलीतले कुणाचे रडणे ऐकावे तसे.

“पेट्रोल जास्त जातंय,” ते म्हणाले. “पोट भरलंय तरी कोंबताय तिला. बंद करा.”

अंबरनाथच्या शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, घराच्या ओसरीतच त्यांचे गॅरेज होते. फलकावरची अक्षरे उन्हाने खाल्ली होती. आत दुसरी एकही गाडी नव्हती. खिळ्याला एक लाल हेल्मेट टांगलेले होते, धुळीने फिकटलेले. आपली पिशवी अडकवायला गिऱ्हाइकाने ते जरा बाजूला सारले, तसे मिस्त्री म्हणाले, “त्याला हात नका लावू, भाऊ. रघुचं आहे. माझ्या मुलाचं.”

गिऱ्हाइकाने हात मागे घेतला.

रघु सामान आणायला उल्हासनगरला गेला आहे, दुपारपर्यंत येईल, असे मिस्त्रींनी सांगितले. तो आला की जवळची छोटी डबी त्याच्या हाती द्यायची आणि आपण मोकळे व्हायचे. डबीत पितळी जेट होते, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणारे, आयुष्यभर एकेक करून जमवलेले; सुईच्या टोकाएवढे भोक प्रत्येकाला, पण प्रत्येकाचे वेगळे. दुसऱ्या कुणाला ते ही डबी धरूही देत नसत. रघु आल्याशिवाय ती हातातून सोडायची नाही, एवढ्या एका गोष्टीवर त्यांचा दिवस उभा होता.

त्यांच्या पत्नी कौसाबाई चहा घेऊन दाराशी आल्या होत्या. दोन पेले त्यांनी खाली ठेवले आणि पदर तोंडाशी धरून आत वळल्या. गिऱ्हाईक जमिनीकडे पाहत राहिले.

गाडी जुनीच घेतली का, असे मिस्त्रींनी विचारले. हो, उल्हासनगरच्या बाजारातून, असे उत्तर आले.

मिस्त्रींनी प्लग काढला. टोकावर काजळी बसली होती, समईच्या वातीवर बसते तशी मऊ. मग त्यांनी पेट्रोलचा कॉक बंद केला, कार्ब्युरेटर उतरवून मांडीवर घेतला आणि खालच्या कटोरीच्या स्क्रूंवरून अंगठा फिरवला.

“उघडाउघडी फार झालीय हिची. खाचा बघा, पार गुळगुळीत. कोण एवढं सारखं उघडतं?”

“जुनी गाडी आहे, मिस्त्री.”

पहिले तीन स्क्रू घट्ट होते. चौथा नुसत्या बोटांनी फिरला. मिस्त्री थांबले.

“रघु असाच करतो,” ते सावकाश म्हणाले. “तीन आवळतो आणि चौथ्याला त्याला घाई होते. किती शिव्या खाल्ल्या त्यानं माझ्या. कुठलीही गाडी उघडा, चौथा स्क्रू ढिला असला की समजायचं, रघुचा हात.”

चहाचा पेला गिऱ्हाइकाच्या ओठांपाशी तसाच राहिला. मिस्त्री त्या स्क्रूकडे पाहत होते. स्थिर पाण्याखालून एखादा मासा सरकावा तसे त्यांच्या चेहऱ्याखालून काहीतरी सरकले; वर येईल असे वाटले, आणि मग खोल गेले.

“तुमचा मेकॅनिकही तसलाच गाढव दिसतो,” ते म्हणाले.

“तसलाच,” गिऱ्हाइकाने म्हटले आणि पेला खाली ठेवला.

आतल्या जेटवरचा भोकाच्या मापाचा आकडा घासून गेला होता. मिस्त्रींनी तो आभाळासमोर धरला, एका डोळ्याने त्याच्या भोकातून उजेड पाहिला, मग तांब्याची बारीक तार आत सारून बघितली. हा एकशे दहाचा आहे आणि हिला पंच्याण्णव लागतो, असा निवाडा त्यांनी दिला. डबीतून योग्य तो जेट निघाला, बसला; चौथा स्क्रूसुद्धा पुरता आवळला गेला.

“हा जुना फेकून द्या. नाहीतर कुणीतरी पुन्हा घालेल.”

गिऱ्हाइकाने तो शर्टाच्या खिशात टाकला.

“आता आनंदनगरच्या सरळ रस्त्यावर जोरात पळवा, पळता पळताच इंजिन बंद करा, आणि...”

“तिथंच प्लग काढून आणतो,” गिऱ्हाईक म्हणाले. प्लगचा पाना त्याने आधीच उचलला होता.

मिस्त्रींनी त्याच्याकडे निरखून पाहिले. कानांजवळचे केस पांढरे होऊ लागलेला, थकलेल्या डोळ्यांचा माणूस. “शिकलाय वाटतं कुणाकडे?”

“थोडंफार.”

तो परतला तेव्हा प्लगच्या टोकाला बदलापूरच्या भट्टीतून निघालेल्या विटेचा रंग चढला होता; पेट्रोल आता बेताचे जळत होते. मिस्त्रींनी प्लग तळहातावर फिरवला. हसले. कितीतरी वेळ हसत राहिले, आणि म्हणाले, “आता पुन्हा यायला नको तुम्हाला.”

गिऱ्हाइकाने वाकून त्यांना नमस्कार केला. एवढ्याशा कामासाठी पाया कशाला पडता, असे मिस्त्री पुटपुटले आणि रस्त्याकडे तोंड करून बसले. रघु येण्याची वेळ झाली होती.

गाडी मंदिराच्या वळणापर्यंत गेली, गल्लीतून फिरली आणि इंजिन बंद करून, हाताने ढकलत, त्याच घराच्या मागच्या अंगणात आली. तिथे जांभळाच्या सावलीत बसून त्या माणसाने कार्ब्युरेटर उघडला. पंच्याण्णवचा जेट काढून रुमालात बांधला. तो रात्री हळूच डबीत परत जाणार होता. खिशातला एकशे दहाचा उद्यासाठी पुन्हा बसवला. तीन स्क्रू आवळले. चौथ्याला पेचकस लावला, आणि फिरवला नाही.

मागच्या दाराची कडी निघाली. कौसाबाई ताट वाढून उभ्या होत्या. बाबांना काही आठवले का आज, त्यांनी हलक्या आवाजात विचारले.

“स्क्रूपाशी थोडे थांबले होते, आई,” रघु म्हणाला.