डब्यावरचा फोटो

ऐन संक्रांतीत नीलाक्कांचा तवा रिकामाच तापत होता आणि लाटायला बसलेल्या बाया गप्पा हाणत होत्या. सोलापुरात शेंगापोळी म्हटलं की अक्कांचाच हात, पण यंदा मोबाइलवर ऑर्डर अगदी तुरळक.

"ऑर्डर घेणाऱ्या प्रोग्रामला मर्यादा घातलीय, अव्वा," मुलगा मल्लू म्हणाला होता. "सगळं गाव एकदम तुटून पडलं तर तो कोसळतो. झेपतील तेवढ्याच ऑर्डरी आत सोडतो, बाकीच्यांना थांबवतो." अक्कांना पटलं होतं. तव्यावर तरी एकदम किती पोळ्या मावतात?

तेवढ्यात शेजारची बसम्मा डबा घेऊन तणतणत आली. "अक्का, तुमच्याकडून मागवल्या, आणि दाणे खवट?"

अक्कांनी तुकडा मोडून तोंडात टाकला. पोळी त्यांची नव्हती. झाकणावर फोटो मात्र त्यांचाच, नथीसकट.

मोबाइल घेऊन शेजारीच बसलेल्या मल्लूने कबूल केलं. थांबवलेल्या सगळ्या ऑर्डरी तो मेहुण्याच्या पोळ्यांच्या कारखान्याकडे वळवत होता. "तुला त्रास नको म्हणून, अव्वा..."

"माझ्या हाताला लगाम घातलास, आणि तोंड माझंच विकलंस?" अक्कांनी गॅस बंद केला. "आता त्या फोटोतल्या बाईलाच बसव लाटायला."