गच्चीवरचं गुवाहाटी

"गुवाहाटीला अशी जिना चढून जाणार आहेस का?" बाबांनी आईला गच्चीच्या दारातच अडवलं. तिच्या हातात माझा डबा होता.

मला गुवाहाटीच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला आणि घरात कुणालाच माझ्याशिवाय राहायची सवय नाही, हे बाबांच्या लक्षात आलं. म्हणून सराव ठरला. मी आठ दिवस गच्चीवरच्या खोलीत, पाण्याच्या टाकीशेजारी राहायचं. फक्त फोनवर बोलायचं. कुणी भेटायला वर आलंच, तर पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायचं.

आई आधी लोणचं घेऊन आली, मग चादर, मग नुसतीच. "टाकी भरली का बघायला आले," म्हणाली. टाकी तेव्हा वाहत होती. बाबा दर वेळी खालून ओरडायचे, "पहिला दिवस!" महिनाभरात आमचा दुसरा दिवस काही उजाडला नाही. तिकिटाची तारीख मात्र उजाडली आणि मी खरंच गेले.

त्याला आता पाच महिने झाले. काल व्हिडिओ कॉलवर आईच्या मागे टाकी दिसली.

"आई, वर काय करतेयस?"

"ह्यांचा डबा घेऊन आले. खाली जेवतच नाहीत." तिने फोन फिरवला. बाबा माझ्या गादीवर मांडी घालून बसले होते.

"बाबा, कितवा दिवस?" मी हसत विचारलं.

त्यांनी तोंडातला घास गिळला.

"पहिला."